सिस्टरच्या स्टुडिओसाठी अंधार

आमच्या दुकानातून भाड्याने गेलेली वस्तू परत येते तेव्हा एकटी येत नाही. स्टँड वाकून येतो, लाईटला हळद लागून येते, कॅमेऱ्याच्या बॅगेत कुणीतरी अर्धा खाल्लेला बुंदीचा लाडू सापडतो, आणि प्रत्येकाबरोबर एक किस्सा येतो. स्टँड सरळ करून पुढच्याला देता येतो. किस्सा मात्र इथेच पडून राहतो. वीस वर्षांत माझ्या दुकानात सामानापेक्षा तेच जास्त झालेत.

दुकान वसमतला, कॅमेरे आणि लाईट विकण्याचं आणि भाड्याने देण्याचं. लग्नाच्या तिथी नसल्या की फोटोग्राफर मंडळी इथेच बसलेली असतात. त्यातले दोघे कायमचे. कुरुंद्याचा गजू, ज्याच्या फोटोत नवरी ओळखू आली नाही तरी गोरी येतेच. आणि आखाडा बाळापूरचे रशीदभाई, वयाने मोठे, व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यापासून शूटिंग करणारे आणि कमी बोलणारे.

यातला शेवटचा किस्सा मी या दोघांनाही कधी सांगितलेला नाही. लिहिण्याआधी जिथे विचारायचं तिथे विचारलं. “लिहा, पन नाव टाकू नका,” एवढीच अट मिळाली. म्हणून माझंही नाव इथे नाही.

*

सिस्टर म्हणजे आमच्या तालुक्यात सगळा जन्म नोकरी केलेल्या नर्सबाई. निम्मा तालुका त्यांच्या हातावर जन्मला, त्यात माझी दोन्ही पोरं आली. रिटायर झाल्या त्याच उन्हाळ्यात एका दुपारी छत्री मिटत दुकानात शिरल्या. गजू आणि रशीदभाई चहा घेत होते. सिस्टर स्टुलावर बसल्या, घाम पुसला आणि बीपी सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, “भाऊ, मला स्टुडिओ टाकायचाय. ॲडल्ट कंटेंटचा. अठराच्या आतल्यानं बघायचाच न्हाई असला. नव्या मानसानं कॅमेरा कोन्ता घ्यावा, लाईट कोन्ते घ्यावेत?”

गजूचा चहा घशातच थांबला. रशीदभाई उठून बाहेर गाडी सावलीत आहे का बघायला गेले. गाडी सावलीतच होती. मी धंद्याचा प्रश्न विचारला, “खोली किती बाय कितीची?”

“दहा बाय बारा,” सिस्टर म्हणाल्या आणि आमची तोंडं बघून हसायला लागल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. नोकरीत इंजेक्शनच्या खोलीला एक हिरवा पडदा होता. डॉक्टरांसमोर गप्प बसणारी बाई त्या पडद्याआड आली की हळूच विचारायची, गडीमाणसंही विचारायची. नवरा-बायकोतलं, अंगातलं, अंथरुणातलं. ज्याला कुठे विचारायची सोय नाही ते सगळं. सिस्टर रिटायर झाल्या आणि पडदा तिथेच राहिला. आता लोकांनी त्यांच्या घरी येऊन कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारायचे, त्यांनी शरीराची नावं घेऊन स्पष्ट उत्तरं द्यायची, आणि मोठ्या माणसांनी ते फोनवर बघायचं, असा त्यांचा बेत होता.

“पन इचारनारं मानूस वळखू येता कामा नये,” त्या म्हणाल्या. “एक बी वळखू आलं तर लोक त्याला गावात जगू द्यायचे न्हाईत. त्या दिवशी मी स्टुडिओला कुलूप घालीन.”

मी दुकानभर नजर फिरवली. फळ्यांवर सगळीकडे माणसाचं तोंड उजळायचं सामान होतं. अंधार पाडणारी एकही वस्तू माझ्याकडे नव्हती.

*

त्या दिवशी दुकानात माझी बायकोही होती. दुपारी डबा घेऊन ती येते आणि मी जेवेपर्यंत काउंटर सांभाळते. काउंटर काचेचा आहे आणि काचेवर पाण्याचा गोल डाग उठला की मी बोलतो. लाईटच्या धंद्यातल्या माणसाला काचेवरचा डाग सहन होत नाही. त्यामुळे हिने एक सवय लावून घेतली आहे, भांडं खाली ठेवण्याआधी त्याचं बूड पदराने पुसायचं. सिस्टरला पाणी दिलं तेही तसंच, बूड पुसून.

मी कॅमेरे मांडले. माणसं कॅमेरा घेताना लेन्स बघतात, नाही तर बाजूवाल्याकडे कोणता आहे ते विचारतात. सिस्टरनी प्रत्येक कॅमेरा नव्या थर्मामीटरसारखा हातात धरून निरखला. पहिला प्रश्न, “ह्याच्यातून फोटू आपोआप कुठं जात न्हाईत ना?” मी वायफाय बंद करून दाखवलं. दुसरा प्रश्न, “चालू असताना तांबडा दिवा कोन्त्याला लागत न्हाई?”

मी म्हणालो, दिवा सगळ्यांनाच असतो, त्याशिवाय रेकॉर्डिंग चालू आहे हे कळणार कसं.

“बीपीचा पट्टा बांधला की निम्म्यांचं बीपी त्या पट्ट्यानंच वाढतं,” सिस्टर म्हणाल्या. “दिवा झाका.”

मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. एक जुना, साधा कॅमेरा त्यांनी घेतला. पैसे माइकवर जास्त घाला, असं मीच सांगितलं. सिस्टर आत काहीतरी निवडत असताना ही तिथेच उभी होती. नंतर त्या दोघी बराच वेळ कोपऱ्यात बोलत होत्या. काय, ते मी विचारलं नाही. मी डबा खात होतो.

*

लाईटचं माझं वेड घरीही आहे, ते इथेच सांगून टाकतो. लग्नात पडून एका बाजूने फुटलेला एक एलईडी पॅनल मी सहा वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर बसवला. त्या उजेडात तिळाचा दाणासुद्धा वेगळा दिसतो. पाहुणे कौतुक करतात. घरचं मत वेगळं आहे. “मी सैपाक करून राहिले का हितं लगीन लागून राहिलंय?” हे मी सहा वर्षं ऐकतोय. लाईट चांगला आहे म्हणून काढलेला नाही.

*

माणसाची नुसती सावली दिसावी असं करणं अवघड नसतं. मागे पांढरा पडदा लावायचा, उजेड पडद्यावर पाडायचा आणि माणूस पुढे बसवून त्याच्यावर उजेड पडू द्यायचा नाही. झालं. आम्ही सिस्टरच्या घरातल्या मागच्या खोलीची खिडकी काळ्या ताडपत्रीने झाकली, पडदा ताणला, त्यावर दोन पॅनलचा उजेड सोडला. सिस्टर समोरच्या बाजूला बसणार, त्यांच्यासाठी मऊ उजेडाचा एक सॉफ्टबॉक्स. तो प्रश्न विचारणाऱ्यावर जाऊ नये म्हणून मध्ये थर्माकोलची पाटी.

अडचण आली ती गजूची. मी मोजमाप करून वळलो की गजूने एक छोटा लाईट समोरून चालू केलेला असायचा. मी बंद केला. पुन्हा चालू. विचारलं तर म्हणे, “भाऊ, थोडासाच हाय. तोंड लईच काळं येऊन राहिलं.” तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा रशीदभाई आले, तो लाईट काढला आणि आपल्या गाडीच्या डिकीत ठेवून कुलूप लावलं.

तरीही व्हायचं ते झालंच. पहिल्या दिवशी एक बाई येऊन प्रश्न विचारून गेली. त्याचं एडिटिंग गजूकडे होतं, कारण त्यालाच येतं. संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन सिस्टरकडे दाखवायला आला, मीही होतो. व्हिडिओ सुरू झाला आणि सिस्टर उभ्याच राहिल्या. पडद्यावर बाईचे डोळे, नाक, नाकातली चमकी सगळं दिसत होतं. गजूने सवयीने सावली उजळली होती. तेवढ्यावर न थांबता गाल गुळगुळीत केले होते.

गजू पांढराफटक पडला. “सिस्टर, मला कळलंच न्हाई कवा केलं,” तो म्हणाला. “बाईमानसाचं तोंड काळं ठिवलं की लग्नघरचे पुन्हा बोलवत न्हाईत. हात आपोआप जातो.”

 सिस्टरनी त्याला समोर बसवून फाईल पुसायला लावली, आणि कार्ड घराबाहेर जाणार नाही असा नियम केला. उजळलं तर चेहरा निघतो हे कळल्यावर मी कॅमेऱ्याचीच सेटिंग इतकी खाली आणली की कुणी उजळायला गेलं तर नुसते दाणेदार ठिपके निघावेत. आयुष्यभर फोटोग्राफरांना जे करू नका म्हणून सांगितलं ते मी स्वतःच्या हाताने केलं आणि मला त्याचं समाधान वाटलं. त्या बाईच्या जागी कुणाचंही माणूस असू शकलं असतं.

*

पण नुसता चेहरा झाकून भागतं का, ही शंका रशीदभाईंना आली. ते म्हणाले, “भई, मैं तो आदमी को चाल से पहचानता हूं. बैठा हुआ भी कुछ तो करता होगा.” म्हणून परीक्षा घ्यायची ठरली. आम्ही तिघे आळीपाळीने त्या खुर्चीत बसलो आणि अंधारात प्रत्येकाचं दोन-दोन मिनिटांचं शूटिंग केलं. आवाज बंद.

गजूची आई त्या दिवशी बाजाराला वसमतला आलेली. तिला बोलावून काही न सांगता दाखवलं. पहिली सावली, तिने मान हलवली, ठाऊक नाही. दुसरी सावली दिसते न दिसते तोच म्हातारी म्हणाली, “ह्यो आमचा गजू. बसला की कान वढतंय. पाळण्यात व्हता तवापासून.”

आम्ही पुन्हा बघितलं. दोन मिनिटांत गजूने नऊ वेळा कान ओढला होता, आणि रोज त्याच्यासोबत बसणाऱ्या आमच्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

माणूस हातांवरून ओळखू येतो हे सिस्टरना पटलं. त्या आत गेल्या आणि एक पितळी तांब्या अर्धा पाण्याने भरून घेऊन आल्या. प्रश्न विचारणाऱ्याने दोन्ही हातांत तो धरून बसायचं. पाणी सांडू नये म्हणून हात हलत नाहीत, आणि घसा सुकला तर पाणी हाताशीच असतं. तेव्हापासून सिस्टरच्या व्हिडिओत सगळ्या सावल्या तांब्या धरून बसतात. बघणाऱ्यांना वाटतं, ही आमच्याकडची काहीतरी पद्धत असेल.

*

सिस्टरच्या घरामागे हळद पॉलिश करायचा ड्रम आहे. हळद निघाली की तो दिवसभर फिरतो आणि भांडणाऱ्या माणसांनासुद्धा एकमेकांचं ऐकू येत नाही. मी ड्रमवाल्याला भेटलो, हात जोडले, आणि दुपारी दोन तास ड्रम बंद ठेवायला राजी केलं. हे सांगायला मी मोठ्या खुशीत सिस्टरकडे गेलो.

त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “अवो भाऊ, काहून बंद केला? त्यो चालू हाय म्हनून तर लोक येऊन राहिले. बाहीर आवाज जात न्हाई.”

मी परत गेलो आणि ड्रम चालू ठेवा म्हणून पुन्हा हात जोडले. ड्रमवाला माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग मी गळ्याशी लावायचा माइक आणला, ओठांच्या अगदी जवळचं तेवढंच ऐकणारा. आता हळदीचा हंगाम आला की सिस्टरकडे नंबर लागतात.

*

एकदा मला ऐन शूटिंगमधून सिस्टरचा फोन आला, लगेच या. एरवी माझा नियम असा की लाईट लावायचे, सिस्टरना बटण दाखवायचं आणि कुणी यायच्या आत निघून जायचं. कोण आलं, काय विचारलं, हे मला माहीत नसतं आणि नकोच असतं.

गेलो तर कळमनुरीकडचे एक मेंढरंवाले आजोबा, डोक्याला पटका, सत्तरीचे. सोबत आजी. आजोबा अंधारात बसायला तयार नव्हते. “मी काय कुनाचं मेंढरू चोरलंय का? लाईट लावा. तोंड दिसू द्या.” तांब्याही त्यांनी बाजूला सारला होता. आजींचं उलट. त्यांना तोंड अजिबात दाखवायचं नव्हतं. त्यांनी तांब्या घट्ट धरलेला आणि वरून पदरही घेतलेला.

एका चौकटीत नवरा उजेडात आणि बायको अंधारात, असा लाईट मी आयुष्यात कधी लावला नव्हता. तासभर गेला, पण जमला. माझ्या कामातलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. सिस्टरनी आजींना समजावलं, “आजी, हे दिसले म्हंजी शेजारी तुमीच हे सगळ्यांना कळनार.”

“ठाऊक हाय,” आजी म्हणाल्या. “पन लाज म्हनून काही असती का न्हाई?”

मग आजोबांनी प्रश्न विचारला. ह्या वयातही आम्हाला एकमेकांजवळ झोपावं वाटतं, सुना तोंडाला पदर लावून हसतात, तर यात काही चूक आहे का? सिस्टर म्हणाल्या, काही चूक नाही. आजोबांनी एवढ्यासाठीच एवढा प्रवास केला होता. ते उठले, काठी घेतली आणि मला म्हणाले, “हे सुनांच्या फोनवर टाका.”

*

सिस्टरचा प्रत्येक व्हिडिओ मी दुकानात बसून बघतो. प्रश्नासाठी नाही, लाईटसाठी. कुठे पट्टे येतात का, कडेने चेहरा उजळतो का, कुणी ओळखू येतं का. ते आजोबा-आजी सोडले तर दोन वर्षांत एकही ओळखू आलेलं नाही, याचा मला अभिमान आहे. तो मी इथे लिहून ठेवतो.

मागच्या थंडीत एक व्हिडिओ बघत होतो. बाईची सावली, डोक्यावरून पदर, हातात तांब्या. आवाज बदललेला, तो सगळ्यांचाच बदलतात. लाईट बरोबर होता. बाई सावकाश, शब्द शोधत बोलत होती.

“मानूस वाईट न्हाई. पीत न्हाई, हात उगारत न्हाई, काही कमी पडू देत न्हाई. पन इतकी वर्सं झाली, जवळ आल्यावर त्यानं कधी इचारलं न्हाई, तुला बरं वाटतंय का म्हनून. असं इचारत असत्यात का कुनी, का मीच येडी?”

“इचारत असत्यात, बाई,” सिस्टर म्हणाल्या. “जो इचारत न्हाई त्याला बहुतेक कुनी सांगितलेलंच नसतं.”

 सावलीने तांब्यातलं घोटभर पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवताना तिने तो उचलून धरला, त्याचं बूड पदराने पुसलं, आणि मग ठेवला.

मी तेवढा तुकडा पुन्हा बघितला. मग फोन उलटा करून काउंटरवर ठेवला. समोर गजू बसला होता. “काय झालं भाऊ, लाईट चुकला का?” त्याने विचारलं. मी म्हणालो, नाही, लाईट बरोबर आहे.  बाईला कुणीही ओळखलं नसतं. मी लाईटच तसा लावला होता.

त्या दिवशी दिवेलागणीलाच दुकान बंद केलं. घरी गेलो. हिने ताट वाढलं, भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. पाण्याचा गिलास भरला, बूड पुसलं आणि ताटाशेजारी ठेवला. तिथे काच नव्हती, शहाबादी फरशी होती. मी घास हातात घेतला आणि पुन्हा ताटात ठेवला.

“काहून? मीठ कमी पडलं का?” तिने विचारलं.

“न्हाई,” मी म्हणालो.  एवढी वर्षं बोलून माणसं गिऱ्हाईक केली, आणि एक वाक्य तोंडातून निघेना. शेवटी खाली ताटाकडे बघतच म्हणालो, “मी जवळ येतो तवा... तुला बरं वाटतं का गं?”

 खूप वेळाने मी वर बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, ओट्यावरच्या पॅनलकडे बघत होती. त्या उजेडात तिच्या तोंडावरची एकेक रेघ दिसत होती.

“सांगते,” ती म्हणाली. “आदी त्यो लाईट बंद करा.”